हे आमच्यासाठीपण आहे का?

(स्त्री संघटनांच्या कार्यकर्त्यांसाठी पुण्यात झालेल्या दोन दिवसांच्या शिबिरातील भाषणाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘अंतर्गत समितीतील बाहेरची सदस्य : अनुभवकथन’ असं छापलंय. त्यावर बोलायचं तर तास पुरायचा नाही, आणि समितीत जे कानावर येतं ते बाहेर सांगायला कायद्यानेच बंदी आहे. म्हणून मी एकाच दिवसाबद्दल बोलणार आहे. मोठ्या कंपनीत नव्याने लागलेल्या लोकांना पहिल्या दिवशी एका हॉलमध्ये बसवतात आणि कंपनी काय आहे, इथे कसं वागायचं, हे सांगतात. त्याला ‘इंडक्शन’ म्हणतात. आपल्यापैकी ज्यांनी शाळेत, दवाखान्यात, सरकारी कचेरीत नोकऱ्या केल्या त्यांना असं काही झाल्याचं आठवणार नाही. माझ्या पहिल्या नोकरीत हेडक्लार्कने मस्टर कुठे ठेवतात ते दाखवलं, कुठल्या टेबलावरचा पंखा चालतो ते सांगितलं, झालं.

कंपनीचं नाव मी सांगणार नाही. पुण्याच्या पश्चिमेकडची, काचेच्या इमारतींची, एवढं पुरे. २०१३ च्या कायद्याप्रमाणे जिथे दहा किंवा जास्त माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती नेमावी लागते, आणि तिच्यात एक सदस्य बाहेरची, स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणारी असावी लागते. या कंपनीत ती मी, २०१९ पासून. समितीवर असल्यामुळे इंडक्शनच्या दिवशी वीस मिनिटं मला देतात. मधली करोनाची दोन वर्षं घरूनच पडद्यासमोर बसून बोलले. मी सांगते आहे तो दिवस २०२४ च्या जुलैतला.

त्या दिवशी माझं बोलणं जेवणाच्या आधी होतं, पण मी मुद्दाम सकाळी साडेनऊलाच गेले. म्हटलं, इतकी वर्षं वीस मिनिटं बोलून निघून येतो, या मुलामुलींना दिवसभर आणखी काय काय सांगतात ते एकदा ऐकावं तरी. फाटकावर पिशवी तपासली, मोबाइलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली, गळ्यात ‘पाहुणा’ असा पट्टा अडकवला. शंभर-सव्वाशे नवी माणसं होती, त्यात मुली निम्म्याला थोड्या कमी. प्रत्येकाला एक पिशवी : वही, पेन, पाण्याची बाटली, कंपनीचं नाव छापलेला टी-शर्ट. टी-शर्ट सगळे पुरुषांच्या मापाचे. माझ्या शेजारची मुलगी तो अंगाला लावून बघत म्हणाली, “आई झोपताना घालेल.”

ही मुलगी लातूरकडची. तिची आई गावाहून सोबत आली होती आणि संध्याकाळपर्यंत फाटकाबाहेरच्या कट्ट्यावर बसून राहणार होती, कारण भाड्याच्या खोलीची किल्ली अजून हातात पडली नव्हती. प्रत्येकाने उठून नाव, गाव सांगायचं होतं. जळगाव, चंद्रपूर, भुवनेश्वर, कोची. काही मुलींनी सांगितलं, आमच्या घरात महिन्याचा पगार घेणारी मी पहिलीच. आपण कार्यकर्त्या अशा दिवसांकडे जरा तिरकं बघतो, टाळ्या, फुगे, सेल्फी. पण गळ्यातल्या पट्ट्यावर स्वतःचं नाव बघताना त्या मुलींचे चेहरे मी पाहिले आहेत. १९७४ साली याच पुण्यात टेल्कोच्या नोकरीच्या जाहिरातीत स्त्रियांनी अर्ज करू नये असं छापलेलं होतं. तेव्हाच्या सुधा कुलकर्णी, म्हणजे आजच्या सुधा मूर्ती, यांनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड पाठवून जाब विचारला होता. त्या पोस्टकार्डापासून या हॉलपर्यंतची वाट काही कमी नाही. ते मान्य करूनच पुढचं बोलते.

मग एचआरचे प्रमुख आले. हसतमुख गृहस्थ. म्हणाले, “ही कंपनी नाही, हे एक कुटुंब आहे.” टाळ्या झाल्या. आता आपण सगळ्याजणी इतकी वर्षं कौटुंबिक सल्ला केंद्रं चालवतो. ‘कुटुंब’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय काय येतं ते मी सांगायला नको. मी वहीच्या पहिल्या पानावर तेवढा एकच शब्द लिहिला, आणि दिवसभर तो शब्द निरनिराळ्या कागदांवरून पुन्हा पुन्हा समोर येत राहिला.

पहिल्यांदा आला तो फॉर्म भरताना. रुजू होतानाचे फॉर्म हा आपल्या चळवळीचा जुना विषय आहे. आयुर्विमा महामंडळात नोकरीला लागताना बायकांकडून पाळीची शेवटची तारीख, बाळंतपणं, गर्भपात, हे सगळं लिहून घेत असत. नीरा माथुर नावाच्या बाईंना, तिथली माहिती खोटी दिली असं म्हणून, बाळंतपणानंतर काढून टाकलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली त्यांना कामावर परत घ्यायला लावलं आणि असले रकाने फॉर्मवरून काढून टाकायला सांगितलं. या कंपनीच्या फॉर्मवर तसलं काही नव्हतं, मी शेजारच्या मुलीचा घेऊन नीट पाहिला. पण भविष्य निर्वाह निधीचा नामनिर्देशनाचा फॉर्म होता. आपल्यानंतर पैसे कुणाला मिळावेत ते लिहायचा. समोरचा मुलगा माइकवरून सांगत होता, “मॅरीड असाल तर स्पाउसचं नाव टाका, सिंपल.”

माझ्या पुढच्या रांगेत तिशीतली एक बाई पेन हातात धरून नुसती बसली होती. चहाला उठलो तेव्हा तिने हळूच विचारलं, “बहिणीचं नाव लिहिलं तर चालेल का?” नवऱ्यापासून ती तीन वर्षं वेगळी राहत होती, घटस्फोट झालेला नव्हता, मुलगी बहिणीकडे. इथे मला आपल्या केंद्रातलं शिकलेलं कामी आलं. निधीच्या १९५२ च्या योजनेत ‘कुटुंब’ या शब्दाची व्याख्या होती. बाईच्या कुटुंबात नवरा, मुलं, तिच्यावर अवलंबून असलेले आईवडील आणि नवऱ्याचे अवलंबून असलेले आईवडील. बहीण त्यात नाही, त्यामुळे कुटुंब असताना बहिणीचं नाव चालत नाही. पण मुलीचं चालतं. आणि दुसरं, बाईने आयुक्तांना लेखी कळवलं की नवऱ्याला माझ्या कुटुंबातून वगळा, तर तो आणि त्याचे आईवडील वगळले जातात. हे मी सांगितलं तेव्हा ती बाई पहिल्यांदा हसली. म्हणाली, “लेखी कळवलं की वगळता येतो?” मैत्रिणींनो, आपल्याकडे येणाऱ्या नोकरदार बायकांना पोटगीबद्दल आपण सगळं सांगतो, हा फॉर्म मात्र विचारत नाही. लग्नाआधी भरलेला फॉर्म लग्नानंतर बाद होतो, नवा भरावा लागतो, हेही फार थोड्याजणींना ठाऊक असतं. आणि हे माइकवरून सांगायला फार तर दोन मिनिटं लागली असती.

बाळंतपणाच्या रजेचं एका पाटीवर होतं, ‘२६ आठवडे’, आणि खाली गोंडस बाळाचं चित्र. २०१७ च्या दुरुस्तीने असं बंधन घातलं होतं की नेमणुकीच्या वेळीच प्रत्येक बाईला मातृत्वाचे सगळे लाभ लेखी कळवायचे. त्या मुलीच्या नेमणूकपत्रात मला एवढीच ओळ सापडली : ‘रजा कंपनीच्या धोरणानुसार’. कायद्याने मिळालेला हक्क कसा अलगद कंपनीच्या धोरणात जाऊन बसतो, बघा. उद्या हीच मुलगी रजा मागायला जाईल तेव्हा उपकार मागितल्यासारखी जाईल.

मग पगाराचं आलं. आपला पगार कुणाला सांगू नका, दुसऱ्याचा विचारू नका, ही इथली संस्कृती आहे, असं सांगितलं गेलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मला मॅकिनन मॅकेन्झी कंपनीच्या मुंबईच्या कचेरीतल्या ऑड्री डिकॉस्टा आठवल्या. त्या स्टेनोग्राफर. पुरुष स्टेनोंना आपल्यापेक्षा जास्त पगार मिळतो म्हणून समान वेतनाच्या १९७६ च्या कायद्याखाली त्या भांडल्या. कंपनीचं म्हणणं, बायका ‘कॉन्फिडेन्शियल स्टेनो’, त्यांचं काम निराळं. सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये डिकॉस्टाबाईंच्या बाजूने निकाल दिला. आता मला सांगा, शेजारच्या टेबलावरच्या पुरुषाला किती मिळतात हे त्यांना कळलंच नसतं तर ही केस उभी तरी राहिली असती का? कुटुंबातही हे असंच असतं, पुरुषाला किती पैसे मिळतात ते घरातल्या बाईने विचारायचं नाही.

यानंतर आग लागली तर काय करायचं यावर चाळीस मिनिटं. नळकांडं कसं धरायचं, कुठल्या जिन्याने उतरायचं. चांगलं झालं ते, मीही शिकले. त्यानंतर माझी वीस मिनिटं.

मी काय बोलते ते तुम्हाला पाठ असेल. १९९२ साली राजस्थानात भटेरी गावी भंवरीदेवींवर झालेला सामूहिक बलात्कार. त्या सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात साथिन होत्या, बालविवाह थांबवायला गेल्या म्हणून गावातल्या वरच्या जातीच्या पुरुषांनी सूड उगवला. त्यातून संघटना न्यायालयात गेल्या आणि १३ ऑगस्ट १९९७ ला विशाखा निकाल आला. तो कुणी पाळेना म्हणून आपल्या पुण्याच्या मेधा कोतवाल-लेले यांचा पाठपुरावा, त्यावर २०१२ चा निकाल. मग २०१३ चा कायदा. समितीत कोण असतं, तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची, योग्य कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची. समेट फक्त बाईने मागितला तरच, आणि पैशाच्या देवघेवीवर नाही. तक्रार सिद्ध करता आली नाही एवढ्यावरून ती खोटी ठरत नाही. मुलं यावर दरवेळी खोट्या तक्रारींचा प्रश्न विचारतात, मी दरवेळी तेच उत्तर देते. टाळ्या वाजल्या, एक रोपटं हातात मिळालं.

मी रोपटं आणि पिशवी सावरत बाहेर पडले. हॉलच्या मागच्या दाराशी चहाचे कप गोळा करणारी एक बाई उभी होती. निळा गणवेश. ती बोलणं ऐकत होती हे मला व्यासपीठावरून दिसलं होतं. तिथे या बायकांना सगळे ‘मावशी’ म्हणतात. वीस वर्षांच्या मुलीपासून साहेबांपर्यंत सगळ्यांची ती मावशी, म्हणजे नावाची कुणाला गरजच नाही. तिने मला विचारलं, “ताई, ते तुम्ही सांगत होता, ते आमच्यासाठीपण आहे का?”

मी म्हटलं, “अहो, आहे की.” आणि म्हणता म्हणताच माझ्या लक्षात आलं, की इतकी वर्षं या हॉलमध्ये बोलते आहे, हे एक वाक्य मी कधीच उच्चारलेलं नाही.

कायद्यातली ‘कर्मचारी’ या शब्दाची व्याख्या आपण इथे शिबिरात फळ्यावर लिहितो. कायम, तात्पुरती, रोजंदारीवरची, थेट नेमलेली किंवा कंत्राटदारामार्फत आलेली, मालकाला माहीत असो वा नसो, पगारी वा बिनपगारी, शिकाऊ, उमेदवार. आपणच भांडून इतकी रुंद करून घेतलेली व्याख्या. आणि मी मात्र समोर जे बसलेत तेवढेच कर्मचारी असं धरून बोलत आले. भंवरीदेवींची गोष्ट सांगून सुरुवात करते, त्या तरी कोण होत्या? साथिनला मानधन मिळायचं, पगार नाही. जिच्यामुळे हा कायदा आला तिला या हॉलमध्ये खुर्ची मिळाली नसती. ती मागच्या दाराशी उभी राहिली असती.

पुढचं मी जपून सांगते. खूण पटेल असं काही सांगणार नाही, काही तपशील बदलले आहेत. आम्ही जिन्याच्या पायऱ्यांवर बसलो. तिने रोपट्याची पानं चाचपत सांगितलं. कंत्राटदाराचा सुपरवायझर. हजेरी लावताना, गणवेश देताना, सामानाच्या खोलीत. तिने विरोध केल्यावर तिचे महिन्यातले चार दिवस कमी लागायला लागले. मी विचारलं, कधी? तिने बोटांवर मोजलं. दिवाळीनंतर. म्हणजे आठ महिने होऊन गेले होते.

तीन आणि तीन सहा. मी मघाशी हॉलमध्ये तोंडपाठ म्हटलेली मुदत.

मला ते तिला सांगावं लागलं. पोलिसांकडे जायचा रस्ता उघडा आहे, आम्ही सोबत येऊ, हेही सांगितलं. ती नको म्हणाली, घरी कळलं तर नोकरीच बंद होईल म्हणाली. मी विचारलं, तो माणूस आता कुठे आहे? “त्याची बदली झाली ना दुसऱ्या कंपनीत,” ती म्हणाली. म्हणजे दुसऱ्या मावश्यांकडे.

तिने नाव लिहू दिलं नाही, तक्रार दिली नाही. माझ्या हातात काही उरलं नव्हतं. या मुदतीबद्दल आपल्यात मतभेद आहेत, वाढवून मागायला हवी असं माझं मत आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये कोलकात्याच्या एका विधी विद्यापीठाच्या प्रकरणातही सर्वोच्च न्यायालयाने तक्रार मुदतीबाहेर गेल्याचं ग्राह्य धरलं. पण मुदत बदलेल तेव्हा बदलेल. त्या बाईला नोव्हेंबरात कुणी हे सांगितलं असतं तर आहे ती मुदतही पुरली असती. आणि सांगणारी मीच होते, दर दोन-तीन महिन्यांनी तिच्याच इमारतीत येऊन जाणारी.

समितीची नावं आणि शिक्षेची माहिती ठळक जागी लावायची असं कायद्याचं एकोणिसावं कलम सांगतं. फलक होता. तिसऱ्या मजल्यावर, कँटीनच्या भिंतीवर, इंग्रजीत. या बायका कँटीनमध्ये जेवत नाहीत, तळमजल्याखाली पार्किंगच्या कोपऱ्यात डबे खातात. आणि सफाईची वेळ सोडली तर त्यांच्या कार्डाने तिसऱ्या मजल्याचं दारच उघडत नाही.

मी एचआरकडे गेले, म्हटलं, पुढच्या इंडक्शनला कंत्राटी बायकाही बसल्या पाहिजेत. नाही म्हणायला त्यांनी एक महिना घेतला. सरळ कारण कुणी सांगेना. शेवटी एका तरुण अधिकारी मुलीने खाजगीत सांगितलं, “मॅम, लीगलवाले घाबरतात. त्यांना आमच्या इंडक्शनला बसवलं, आमचा टी-शर्ट दिला, की उद्या त्या म्हणतील आम्ही याच कंपनीच्या, आम्हाला कायम करा.” म्हणजे बघा, कुटुंबात कोण नाही हे कंपनीला अगदी नेमकं माहीत असतं. मी म्हटलं, टी-शर्ट नका देऊ. कायदा सांगितल्याने कुणी कायम होत नाही, पण कंत्राटदारामार्फत आलेली बाई या कायद्यात कर्मचारीच आहे, आणि तिला न सांगणं हा तुमचा भंग आहे, दंड पन्नास हजार. हे मी समितीच्या बैठकीत बोलले आणि इतिवृत्तात लिहून घ्यायला लावलं. मैत्रिणींनो, बाहेरच्या सदस्याकडे दुसरं हत्यार नाही. इतिवृत्तात लिहून घ्या.

तडजोड अशी झाली : हॉल नाही. त्यांच्यासाठी वेगळी बैठक, पाळी सुरू होण्याआधी, सकाळी पावणेसातला, लॉकरच्या खोलीत, पंधरा मिनिटं. खुर्च्या नाहीत, उभ्यानेच. मी ती मान्य केली. आपल्यातल्या काहीजणी म्हणतील, कशाला मानलंस, वेगळी पंगत ती वेगळीच पंगत. खरं आहे. ते भांडण मी सोडलेलं नाही, पण तोवर त्या बायकांना अंधारात ठेवणं मला परवडत नव्हतं.

पहिल्या वेळी तीसेक बायका होत्या. मी एकोणिसावं कलम, चौथं कलम असं सुरू केलं, तर एकीने मध्येच विचारलं, “आधी सांगा, तक्रार केली तर हजेरी कोण लावणार?” तिथे माझ्या लक्षात आलं की वीस मिनिटांचं माझं भाषण इथे निरुपयोगी आहे. चौकशी चालू असताना समिती बाईची किंवा त्या पुरुषाची बदली सुचवू शकते, तीन महिन्यांपर्यंत रजा सुचवू शकते, ही गोष्ट मी हॉलमध्ये शेवटी घाईघाईने सांगत असे. आता तीच पहिली सांगते. मग संडासाचा प्रश्न निघाला, साप्ताहिक सुट्टीचा निघाला, पगाराच्या चिठ्ठीचा निघाला. डिसेंबर २०२५ मध्ये विचारलं, नव्या श्रमसंहिता २१ नोव्हेंबरपासून लागू झाल्यात, प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायलाच हवं, कुणाकुणाकडे आहे? दोन हात वर आले. त्यातल्या एकीने आणून दाखवलं तर ते गणवेशाच्या पैशाची पावती निघाली.

फलक आता लॉकरच्या खोलीतही आहे, मराठीत आणि हिंदीत. मराठीतलं पहिलं भाषांतर कंपनीने करून घेतलं होतं, ते कुणालाच कळेना, त्यात ‘व्यथित महिला’ असं होतं. आम्ही बसून पुन्हा लिहिलं. खाली समितीतल्या एका बाईचा फोन नंबर आहे, मोठ्या अक्षरात. त्या नंबरवर काय येतं, किती येतं, ते मी सांगू शकत नाही. फोन येतो एवढं सांगते.

जिन्यावर भेटलेली ती बाई आता तिथे नाही. कंत्राटदार बदलला तशी सगळी टोळीच बदलली. म्हणून हे एकदा बोलून भागत नाही, दर थोड्या महिन्यांनी चेहरे नवे असतात आणि पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं. मी एकटी पुरी पडत नाही, आणि माझी हिंदी तुम्हाला माहीतच आहे. पुढची बैठक येत्या महिन्याच्या पहिल्या गुरुवारी, पावणेसातला. मला दोघीजणी हव्यात, एक चांगलं हिंदी बोलणारी. साडेसहाला फाटकावर यायचं, ओळखपत्र आणि त्याची झेरॉक्स लागते, मोबाइलवर चिकटपट्टी लावतात त्याला हरकत घेऊ नका, वेळ जातो. चहा मिळणार नाही. ज्यांना जमेल त्यांनी जेवणाच्या सुट्टीत मला नावं द्या.